जवाहिऱ्याच्या मुलाची मुदत

व्यापारी घरात मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा झाला की त्याच्याविषयीचे प्रश्न सहसा इतरच विचारतात आणि उत्तरेही इतरच देतात. पुढे काय? कॉमर्स. मग? सी.ए. झाला तर उत्तम, नाही तर दुकान आहेच. मुलगा त्या वेळी तेथेच, ताट पुढे घेऊन बसलेला असतो. त्याच्याजवळ उत्तर नसते असे नाही. त्याला प्रश्नच निराळा पडलेला असतो.

‘मी कोण?’ हे शब्द जैन घरातील मुलाच्या कानावर लहानपणापासून पडतात. प्रवचनात त्यांचे उत्तर ‘आत्मा’ असे मिळते. परंतु सोळाव्या वर्षी हाच प्रश्न अत्यंत ऐहिक रूप धारण करून येतो. रात्री न जेवण्याचा नियम आपण पाळतो तो आपला, की आईचा? मित्रांत आपण बोलतो ते खरे, की घरात बोलतो ते? दुकानाच्या पाटीवर आजोबांचे नाव आहे. त्या पाटीखाली बसल्यावर आपण स्वतः कोणी उरणार आहोत का? या प्रश्नांत उद्धटपणा नसतो. मात्र ते बहुधा उद्धटपणाच्या वेषात बाहेर पडतात, आणि म्हणून घरात त्यांचे स्वागत होत नाही.

ही सारी मोबाइलच्या पिढीची लक्षणे, असे म्हणण्याची प्रथा पडली आहे. पण चार शतकांपूर्वी जौनपूरच्या एका श्रीमाळ जैन जवाहिऱ्याच्या घरात हेच घडले, आणि त्या घरातील मुलाने पंचावन्नाव्या वर्षी ते काहीही न झाकता लिहून ठेवले. कविवर बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’ १६४१ साली आग्र्यात पूर्ण झाले. माणसाचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरले तर आपली कथा अर्धीच झाली, असा हिशेब करून त्यांनी हे नाव दिले. ६७५ पद्यांचे हे पुस्तक भारतीय भाषांतील अगदी आरंभीचे आत्मचरित्र मानले जाते. पंडित नाथूराम प्रेमी यांनी संपादन करून ते १९४३ साली मुंबईहून प्रसिद्ध केले. स्वाध्याय करणाऱ्या घरांत बनारसीदासांचे ‘समयसार नाटक’ आदराने वाचले जाते. ‘अर्धकथानक’ त्या मानाने उपेक्षित राहिले. किशोरवयीन मुलांच्या आईवडिलांनी तरी ते आवर्जून वाचावे.

मुलाचे पहिले नाव विक्रमाजित. तो तान्हा असताना आईवडील पार्श्वनाथांच्या यात्रेला बनारसला गेले. तेथील पुजाऱ्याने ध्यान लागल्याचा आव आणला आणि प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव दिले तर मुलगा दीर्घायुषी होईल, असे सांगितले. पुढे हा प्रसंग लिहिताना कवींनी पुजाऱ्याचे ढोंग स्पष्ट नोंदवले आहे. नाव मात्र जन्मभर तेच वापरले.

वडील खरगसेन यांना बालपण फारसे लाभले नव्हते. त्यांचे वडील लवकर गेले, मोगल सरदाराने घरदार जप्त केले आणि विधवा आई मुलाला घेऊन जौनपूरला माहेरी आली. खरगसेन कोवळ्या वयातच रत्नांची पारख आणि हिशेब शिकले. पुढे जौनपूरच्या सुभेदाराने जवाहिऱ्यांना पकडून फटके मारले, तेव्हा कुटुंबासह पळून जाण्याची वेळही त्यांच्यावर आली. त्या परागंदा काळात लहानग्या बनारसीने कवड्यांचा किरकोळ व्यापार करून चार पैसे मिळवले. आजीने नातवाच्या त्या पहिल्या कमाईची मिठाई वाटली. मुलात व्यापाराची बुद्धी नव्हती, असे म्हणायला म्हणूनच जागा नाही.

चौदाव्या वर्षी मात्र सारे बदलले. बनारसी एका पंडितांकडे कोश, ज्योतिष, अलंकारशास्त्र शिकू लागला. जौनपुरात आलेल्या मुनी भानुचंद्रांच्या सहवासात उपाश्रयात बसून त्याने धार्मिक पाठही केले. आणि त्याच दिवसांत तो प्रेमात इतका बुडाला, की वडिलांच्या पेटीतील माणके चोरून त्या पैशांचे विडे आणि मिठाई प्रेयसीला पाठवू लागला. उपाश्रय आणि चोरी एकाच मुलाच्या एकाच दिवसात नांदत होती. त्याने शृंगाराला वाहिलेली सुमारे हजार पद्यांची पोथीही रचली. वडीलधाऱ्यांनी बजावले की फार शिकणे हे ब्राह्मणांचे आणि भाटांचे काम. वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे, नाहीतर भीक मागण्याची पाळी येते. हा उपदेश आजही थोड्या निराळ्या शब्दांत ऐकू येतो. त्याचा बनारसीवर काडीचाही परिणाम झाला नाही, हेही त्यानेच लिहिले आहे.

मधल्या काळात एका संन्याशाने त्याला मंत्र दिला: वर्षभर गुप्तपणे जपला की रोज दारात एक दिनार सापडेल. जवाहिऱ्याच्या मुलाने वर्षभर जप केला. दिनार सापडला नाही. मग एका जोग्याने दिलेला शंख तो सदाशिव म्हणून घरच्यांना नकळत पूजू लागला. १६०५ साली अकबर बादशहाच्या मृत्यूची बातमी जौनपुरात येऊन थडकली, तेव्हा जिन्यावर बसलेला बनारसी भोवळ येऊन खाली कोसळला. कपाळातून रक्त आले, आईने जखमेवर जळके कापड दाबले. बरा झाल्यावर त्याने स्वतःला एकच प्रश्न विचारला: मी पडलो तेव्हा शिवाने मला सावरले का नाही? पूजा थांबली. काही दिवसांनी मित्रांसमवेत गोमतीच्या पुलावर बसून तो ती शृंगाराची पोथी वाचून दाखवत होता. वाचता वाचता त्याच्या मनात आले, की एक असत्य बोलणाऱ्यालाही फळ भोगावे लागते, आणि आपण तर हजार असत्ये रचली. त्याने पोथी नदीत फेकून दिली. मित्र हळहळत राहिले. मुलगा पुन्हा जिनपूजेकडे, नियमांकडे वळला, तेव्हा खरगसेनांना हायसे वाटले.

या सगळ्याला विसाव्या शतकात एक नाव मिळाले. एरिक एरिक्सन या मानसशास्त्रज्ञाने, ‘ओळखीचा पेच’ हा किशोरवयातील मुख्य प्रसंग होय, असे मांडले. त्याला तो पेच पुस्तकांतून कळलेला नव्हता. १९०२ साली फ्रँकफर्टमध्ये ज्यू आईच्या पोटी जन्मलेल्या या मुलाला आपला जन्मदाता कोण हे कधीच कळले नाही. सावत्र वडिलांचे आडनाव लावून तो वाढला. दिसायला उंच व गोरापान असल्यामुळे ज्यू मुले त्याला परका म्हणून चिडवीत, आणि शाळेतील इतर मुले ज्यू म्हणून. शाळा संपल्यावर तो काही वर्षे चित्रे काढत नुसता भटकला. अमेरिकेचे नागरिकत्व घेताना १९३९ साली त्याने एरिक्सन हे आडनाव धारण केले: एरिकचा मुलगा, म्हणजे स्वतःचाच.

एरिक्सनने या वयासाठी योजलेला एक शब्द व्यापाऱ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे: मोरेटोरियम. मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्जाच्या हप्त्यांना सवलतीची मुदत देण्यास बँकांना परवानगी दिली आणि ती पुढे ऑगस्टअखेरपर्यंत वाढवली, तेव्हा हा शब्द लहान दुकानदाराच्याही तोंडी बसला. देणे बुडत नाही. देणेकरी आज ते फेडण्याच्या स्थितीत नाही, म्हणून त्याला वेळ दिला जातो. तरुण माणसाने समाजाला जे देणे लागते, म्हणजे एक धंदा, एक श्रद्धा, एक घर, त्यासाठी त्यालाही अशी मुदत हवी, असे एरिक्सनचे म्हणणे होते. त्या मुदतीत तो निरनिराळी सोंगे घेऊन पाहतो; काही टाकतो, काही ठेवतो.

मुदत न देताच खाते बंद केले तर काय होते, हे जेम्स मार्सिया यांनी तपासले. १९६६ साली त्यांनी महाविद्यालयीन तरुणांच्या मुलाखती व्यवसाय, धर्म आणि राजकारण या विषयांवर घेतल्या. त्यांत एक गट असा आढळला, की त्याची मते ठाम होती, पण कधीच तपासलेली नव्हती. आईवडिलांनी जे योजले तेच आपले, असे ही मुले सांगत. अशा मुलांना आज्ञापालनाचे मोल अधिक वाटत होते, आणि अपयश आले तरी ती आपली अपेक्षा खाली आणत नव्हती. घरात अशी मुले फार प्रिय असतात. त्यांचे कौतुक नातेवाइकांत सांगितले जाते. मोडलेल्या सौद्यातून किंवा मोडलेल्या मतातून पुन्हा उभे राहण्याचा सराव मात्र त्यांना मिळालेला नसतो, आणि ही उणीव एकदम चाळिशीत उघडी पडते. सोळाव्या वर्षी ‘मी सामायिक का करू?’ असे विचारणाऱ्या मुलाची काळजी घर करते. जो कधीच विचारत नाही, त्याची काळजीही तितकीच करायला हवी.

खरगसेनांनी मुलाला रागावून सांगितले, त्याच्यासाठी ते कष्टी झाले. पण त्यांनी खाते बंद केले नाही. ज्यांना स्वतःला मुदत मिळाली नाही, त्यांना ती दुसऱ्याला देणे सर्वांत जड जाते; ते त्यांनी केले. बनारसी चोविसाच्या सुमारास असताना त्यांनी त्याच्या हाती रत्ने, तूप, तेलाचे कुपे आणि जौनपुरी कापड दिले, त्याची यादी करून दिली आणि आता घराचा भार तुझ्यावर, असे सांगून आग्र्याला धाडले. मुलाने सारे गमावले. काही रत्ने कपड्यात बांधलेली गळून गेली, काही तर उंदराने पळवली. माल तोट्यात गेला. हाती काही उरले नाही तेव्हा तो रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही प्रेमाख्याने मोठ्याने वाची आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्यांत एक कचोरीवाला होता. बनारसी त्याच्याकडून उधारीवर कचोऱ्या खाई. आपल्याजवळ पैसे नाहीत, उधार देऊ नकोस, असे त्याने स्वतःच सांगितले, तेव्हा कचोरीवाला म्हणाला, वीस रुपयांपर्यंत खा, कोणी काही विचारणार नाही. सहा-सात महिने ही उधारी चालली. पुढे हिशेब झाला तो १४ रुपयांचा, आणि तो चुकता केला गेला. वडिलांनी भांडवल दिले होते. या परक्या माणसाने वाचणाऱ्या मुलाला ऐकून घेतले आणि त्याची पत धरली.

तरीही मुदतीवर व्याज चढत असते, आणि ते बहुधा मुदत घेणारा भरत नाही. तरुणपणी सासरी खैराबादला असताना बनारसी किळसवाण्या रोगाने अंथरुणाला खिळला. जवळ कोणी येईना, तेव्हा पत्नी आणि सासू यांनी त्याला अन्न भरवले, औषध लावले. आग्र्यात सर्वस्व गमावून तो पुन्हा खैराबादला आला, तेव्हा रात्री पत्नीने सारे ऐकून घेतले, स्वतःजवळचे २० रुपये त्याच्या हाती ठेवले आणि आईला गुपचूप सांगून आणखी २०० रुपये मिळवून दिले. पतीला शब्दाने दुखावले नाही. स्वतःच्या चोऱ्या, रोग आणि तोटे बारकाईने नोंदवणाऱ्या या पुस्तकात तिला काय व्हावेसे वाटत होते, याविषयी एक ओळही नाही. त्या काळात तो प्रश्न कोणाला सुचला नसावा. आजच्या घरांत तो सुचायला हवा. मुलाच्या दोन-तीन चुकलेल्या वर्षांना ‘वय आहे’ म्हणून समजून घेणारे घर मुलीच्या पदवीच्या शेवटच्या वर्षीच तिचा बायोडाटा छापून घेते. भावाच्या मुदतीचे व्याज बहिणीच्या मुदतीतून कापले जाते, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नसले तरी हिशेबात असते.

किशोरवय संपले म्हणून पेच संपला, असे बनारसीदासांच्या बाबतीत झाले नाही. श्वेतांबर घरात वाढलेल्या या जवाहिऱ्याच्या हाती आग्र्यात आचार्य कुंदकुंदांच्या ‘समयसारा’वरील राजमल्लांची टीका आली. ती वाचून त्यांची क्रियाकांडावरची श्रद्धा उडाली. मित्रांसह ते विधींची थट्टा करू लागले आणि लोकांनी त्यांना नावे ठेवली. ही अवस्था अनेक वर्षे टिकली. मग पंडित रूपचंद आग्र्याला आले. त्यांनी थट्टा करणाऱ्यांना दटावले नाही. ‘गोम्मटसार’ घेऊन बसले आणि आत्म्याच्या पायरीपायरीने होणाऱ्या चढणीत क्रियेचे स्थान कोठे, हे समजावून दिले. बनारसीदास स्थिर झाले ते तेव्हा, पन्नाशीच्या जवळ. ‘समयसार नाटक’ याच काळातील, १६३६ सालचे.

‘अर्धकथानका’च्या शेवटी त्यांनी आपले गुण आणि दोष, जमा आणि खर्च लिहावेत तसे, वेगवेगळे लिहिले आहेत. क्षमाशील आहे, गोड बोलतो, हे गुणांत. लोभ अधिक आहे, जपतप होत नाही, थट्टामस्करी आवडते, कारण नसताना भय वाटते, हे दोषांत. त्याच दोषांच्या यादीत आणखी एक नोंद आहे: पंचावन्न वर्षांचा हा जवाहिरा, कोणी पाहत नाही असे दिसले की, एकटाच नाचू लागतो.