कचऱ्याचे वजन नव्हे, वर्गीकरण मोजा

जानेवारी 2016 मध्ये मुंबईच्या देवनार कचरा डेपोला आग लागली आणि धुरामुळे परिसरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. पुढच्याच महिन्यात, कचऱ्याची धड सोय नाही म्हणून उच्च न्यायालयाने शहरातल्या नव्या बांधकामांना मनाई केली. देवनारला 1927 पासून कचरा पडतो आहे. आता त्यातला सुमारे 185 लाख टन कचरा बायोमायनिंगने, म्हणजे उपसून आणि चाळून वेगळा करत, हटवण्याचे काम महापालिकेने हाती घेतले असून खर्च दोन हजार कोटींच्या वर आहे. हे काम व्हायलाच हवे. पण जुना डोंगर उपसताना दुसरीकडे नवा उभा राहू नये, ही तजवीज त्याहून तातडीची आहे.

ती तजवीज वजनकाट्यावर फसते.

भरलेला डंपर काट्यावर चढतो, पावती फाटते आणि टनांच्या हिशेबाने बिल निघते. पावसात भिजलेला कचरा जड भरतो. राडारोडा मिसळला तर आणखी जड. म्हणजे कचरा वेगळा करून कमी आणला तर बिल घटते, सरमिसळ करून जास्त आणला तर वाढते. ओला-सुका वेगळा ठेवा असे नियम 2000 पासून सांगतात, 2016 च्या नियमांनी ते आणखी स्पष्ट केले. तरीही कंत्राटाचा दर टनावरच असेल, तर घरोघरची मेहनत घंटागाडीत एकत्र होणार.

त्याची किंमत पुढे चाळणीवर मोजावी लागते. कोरडा कचरा फिरत्या चाळणीतून चटकन वेगळा होतो. तोच ओला असला की माती प्लास्टिकला चिकटते, जाळीची भोके बुजतात आणि यंत्र थांबवून कामगाराला ती मोकळी करावी लागतात. काचा मिसळलेले खत शेतकरी शेतात टाकत नाही, ओलेचिंब प्लास्टिक इंधन म्हणून सिमेंट कारखान्याच्या कामाचे नाही. मग तो माल फिरून डेपोवरच येतो.

यातून वाट काढता येते. इंदूर महापालिकेने 2018 मध्ये देवगुराडिया डेपोवरचा सुमारे 13 लाख टन जुना कचरा हटवताना टनामागे दर दिलाच नाही. यंत्रे भाड्याने आणली, दोन पाळ्यांत चालवली, देखरेख स्वतःकडे ठेवली. काही महिन्यांत जमीन मोकळी झाली, तीही 10 कोटींच्या आत. पुण्यात ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था घरोघरी कचरा गोळा करते. सुका माल विकून येणारे पैसे सभासदांच्याच हाती पडतात, त्यामुळे पुठ्ठा भिजू न देण्यात त्यांचे स्वतःचे हित असते. वेंगुर्ला नगर परिषदेने वर्गीकरणाच्या जोरावर डम्पिंगच्या जागेचे पर्यटनस्थळ करून दाखवले.

तिन्ही ठिकाणी साधने वेगळी, शहरांचे आकार वेगळे. पण कामाचा मोबदला आणि कामाचा हेतू एकाच दिशेने चालले, म्हणून काम झाले.

राज्यातल्या महापालिकांनी नव्या निविदांमध्ये तीन बदल करावेत. वाहतुकीचे बिल वर्गीकृत कचऱ्याच्या प्रमाणाशी जोडावे. डेपोवर अखेर किती टाकले गेले, याचा प्रभागवार आकडा दरमहा जाहीर करावा. कचरावेचकांना कंत्राटात हक्काची जागा, हातमोजे आणि आरोग्यविमा द्यावा. देवनारच्या कामावर दोन हजार कोटी खर्च होत असताना या तीन अटींसाठी नवा निधी शोधण्याची गरज नाही. निविदेचा मसुदा बदलण्याचा निर्णय स्थायी समितीच्या पुढच्या बैठकीतही घेता येईल.