आधीं बैठक, मग स्पीकर

घरांत स्टिरिओ यंत्र आलें म्हणजे त्याचे दोन स्पीकर कोठें ठेवावे, हा प्रश्न बहुधा दिवाणखान्याच्या शोभेकडे पाहून सोडविला जातो. एक काचेच्या कपाटावर चढतो, दुसरा दाराआडच्या कोपऱ्यांत बसतो. मग वडील मंडळी शब्द नीट लागत नाहींत अशी तक्रार करूं लागली कीं आवाज वाढविण्यांत येतो. आवाज वाढतो, शब्द मात्र लागत नाहींत. अशा वेळीं दोष वडिलांच्या कानांचा नसून पुष्कळदां मांडणीचा असतो, हें वाचकांच्या लक्षांत आणून देण्याचा आमचा हेतु आहे.

ॲलन ब्लमलाइन या इंग्रज इंजिनियरानें १९३१ सालीं स्टिरिओ पद्धतीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. तशा तबकड्या १९५८ च्या सुमारास बाजारांत आल्या. दोन्ही स्पीकरांचा नाद एकाच क्षणीं व सारख्याच जोरानें आपणांपर्यंत पोंचला, तर गवई मधल्या रिकाम्या जागेंत बसला आहे असा भास होतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर. तरीहि एक स्पीकर वीतभर जवळ असला कीं गवई त्या बाजूस सरकतो.

यास्तव आधीं बैठक ठरवावी. दोन स्पीकर व ऐकणाराचें मस्तक यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकरांत आठ फुटांचें अंतर असेल तर बैठकहि प्रत्येकापासून आठ फुटांवर. उंच स्वरांचा लहान स्पीकर कानाच्या पातळीस यावा. सतरंजीवर बसून ऐकणारांनीं पेट्या त्या मानानें खालीं ठेवाव्या. कोपऱ्यांत खर्जाचा नाद फुगून शब्द झांकले जातात, म्हणून भिंतीपासून हात-दीड हात पुढें असावें. बाजूच्या भिंतीवर कोणी आरसा सरकवीत न्यावा. बैठकीवरून जेथें त्यांत स्पीकर दिसेल, तेथें जाड पडदा लावावा. मांडणीची परीक्षा सोपी आहे. १९३७ सालीं निवर्तलेले अब्दुल करीम खां यांच्या तबकड्या स्टिरिओच्या पूर्वीच्या. त्यांतला स्वर ठीक मधोमध आला, म्हणजे साधलें.

एकत्र कुटुंबांत अडचण अशी कीं उत्तम जागा एक आणि ऐकणारे पांच-सात. तेव्हां दोन्ही स्पीकर इतके आंत वळवावे कीं त्यांच्या सरळ रेषा मधल्या बैठकीच्या किंचित् पुढें एकमेकींस छेदतील. मग डावीकडे बसलेल्यास डावा स्पीकर जवळ असला तरी त्याचें तोंड दुसरीकडे असतें, उजव्याचें मात्र त्याच्याकडे. आणि तोल बराच राखला जातो.

राहिली मधली जागा. ती यंत्राचे पैसे मोजणाराची नव्हे, किंवा पेट्या मांडणाऱ्या मुलाचीहि नव्हे. घरांत ज्यास ऐकण्याचे सर्वांत अधिक कष्ट पडतात, त्याची ती होय, असें आमचें मत आहे. कपाटाची शोभा थोडी उणी झाली तरी चालेल. आजीबाईंस अभंगाचा शब्द न् शब्द कळला पाहिजे.