मोबदला यायच्या आधीचं काम

चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावती तालुक्यात कोणाच्या घरी किती पैसा आला, हे विचारावं लागत नाही. वेस्टर्न कोलफील्ड्सच्या माजरी क्षेत्रातल्या एखाद्या खाणीत जमीन जायची ठरली, की राजपत्रात गाव, गट नंबर आणि क्षेत्र छापून येतं. गट नंबर टाकला की ऑनलाइन सातबाऱ्यावर मालकाचं नाव मोबाइलवर दिसतं. एकरी दर तर साऱ्यांना तोंडपाठ. 2012 च्या सुमारास पडीक जमिनीला 6 लाख, कोरडवाहूला 8 लाख आणि ओलिताला 10 लाख असा भाव ठरला, तेव्हापासून पाच एकर कोरडवाहू म्हणजे 40 लाख हा हिशेब पानटपरीवर उभ्या उभ्या होतो.

पैसा खात्यात पडायच्या आधीच माणसं दारात येतात. गाडीच्या शोरूमचा एजंट येतो, प्लॉटचा दलाल येतो, दामदुप्पट सांगणारा येतो. आणि बऱ्याच घरांत त्यांच्या पाठोपाठ दिवाणी न्यायालयाची नोटीस येते.

अशा वेळी घरातल्या कर्त्या माणसाला एकच गोष्ट सुचते, ती म्हणजे लपवणं. थोडा पैसा साळ्याच्या नावावर, थोडी शेती जुन्या गड्याच्या नावावर, एखादा प्लॉट भाच्याच्या नावावर. हे सांगणारे सल्लागारही तालुक्याच्या ठिकाणी कमी नाहीत. अमेरिकेत श्रीमंत लोक घर ट्रस्टच्या किंवा कंपनीच्या नावावर ठेवतात, मालकाचं नाव सरकारी दफ्तरात शोधून सापडत नाही, असे किस्से ऐकून इथल्या माणसालाही तीच वाट खरी वाटू लागते. पण इथला कायदा वेगळा आहे. बेनामी व्यवहारांचा सुधारित कायदा 1 नोव्हेंबर 2016 पासून लागू आहे. मालमत्ता सरकारजमा होते, किमान एक ते कमाल सात वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते, आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड बसतो. चंद्रपूर-गडचिरोलीत आदिवासी माणसाच्या नावावर दुसऱ्याने पैसे गुंतवून जमीन घेण्याचा मोह तर आणखी घातक, कारण आदिवासींच्या जमिनीला जमीन महसूल संहितेच्या कलम 36 आणि 36-अ चं संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं.

लपवण्याचा दुसरा प्रकार ऐनवेळचा. देणं अंगावर आलं, दावा पडणार अशी कुणकुण लागली, की रातोरात बायकोच्या नावावर बक्षीसपत्र करायचं. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम 53 नेमकं यासाठी आहे. धनकोला बुडवण्यासाठी केलेलं हस्तांतरण न्यायालयात रद्द ठरवून घेता येतं. निकाल विरुद्ध गेल्यावर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21, नियम 41 खाली न्यायालय मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागतं. ते दिलं नाही तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. तिथे कोणतंही गुपित टिकत नाही.

मग संपत्ती खासगी ठेवण्याला अर्थच नाही का? आहे, आणि मोठा आहे. मात्र कोणापासून काय झाकायचं, याची गल्लत फार होते. बँकेतला आकडा, ठेवींच्या पावत्या, आधार क्रमांक, मृत्युपत्रातला मजकूर हे बाहेरच्यांपासून झाकायचं. आपल्याकडे होतं उलट. नवीन गाडी दारात लावून, लग्नात मांडव वाढवून आकडा गावभर जातो आणि लपवाछपवी चालते ती सख्ख्या बहिणीशी. खाणपट्ट्यातल्या घरांना कोर्टाची पायरी सर्वात जास्त तिथेच चढावी लागते.

एखादा जुना सातबारा हातात घेऊन पाहावा. डाव्या बाजूला खातेदार म्हणून तिघा भावांची नावं. ‘इतर हक्क’ या रकान्यात सोसायटीचा बोजा, आणि त्याच रकान्यात, कर्जाच्या ओळीखाली, आईचं आणि दोन बहिणींचं नाव. वडील गेल्यावर वारसांचा फेरफार झाला तेव्हा त्यांना तिथे बसवलं. अनेक उताऱ्यांवर तर तेवढंही नाही. महाराष्ट्राने 1994 साली त्यावेळी अविवाहित असलेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतका हक्क दिला. केंद्राचा कायदा 9 सप्टेंबर 2005 ला आला. त्यासाठी वडील त्या दिवशी हयात असण्याची गरज नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 ला स्पष्ट केलं. ‘आमची तोंडी वाटणी केव्हाच झाली’ हे म्हणणं त्या निकालानंतर सहसा चालत नाही. 20 डिसेंबर 2004 पूर्वीचं नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा न्यायालयाचा हुकूमनामा दाखवावा लागतो.

तरीही मोबदल्याच्या तोंडावर बहिणीकडे जातं ते हक्कसोडपत्र. साडीचोळी, एक दिवसाचं माहेरपण आणि सही. पुढे एका लेकीने दावा टाकला, की कोळसाधारक क्षेत्र कायद्याप्रमाणे वादातली रक्कम न्यायाधिकरणाकडे जमा होते. जमीन गेलेली, पैसा अडकलेला, जमिनीच्या बदल्यात मिळणारी नोकरी कोणत्या भावाने घ्यायची यावरूनही भांडण. अशा दाव्यात बहिणीला ‘लोभी’ म्हणण्याची रीत आहे. ती रीत अन्यायाची आहे. लेक कोर्टात जाते तेव्हा ती कायद्याने आधीच तिचं असलेलं मागत असते.

दाव्याचा दुसरा मोठा रस्ता टिपरच्या चाकांवरून येतो. मोबदल्यातून टिपर किंवा ट्रॅक्टर घेऊन कोळशाच्या किंवा रेतीच्या वाहतुकीला लावणं हा या भागातला नेहमीचा धंदा. विम्याची तारीख उलटली, चालकाकडे जड वाहनाचा परवाना नाही, आणि वरोरा रस्त्यावर अपघातात कोणी दगावलं, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई शेवटी मालकाच्या डोक्यावर येते. ती जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. गाडी विकून टाकली पण आरसी नव्या माणसाच्या नावावर केली नाही, तरी सुटका नाही. कागदोपत्री ज्याचं नाव तोच जबाबदार, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये सांगितलं आहे. वेळेवर भरलेला विमा आणि आरटीओतली एक चक्कर जे वाचवते, ते दहा बेनामी व्यवहार वाचवू शकत नाहीत. जामीनकीचंही तसंच. सोसायटीच्या कर्जाला मित्राखातर सही केली की जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि सहकार कायद्याच्या कलम 101 चा वसुली दाखला थेट जामीनदाराच्याही दारात येतो.

कायद्याने दिलेली आडोशाची ठिकाणंही आहेत, त्यांची माहिती मात्र फार कमी पोहोचते. पीपीएफमधली रक्कम खासगी कर्जासाठी न्यायालयाला जप्त करता येत नाही. विवाहित पुरुषाने 1874 च्या विवाहित स्त्रियांच्या मालमत्ता कायद्याखाली विमा पॉलिसी काढली, तर तो पैसा बायकामुलांचा ट्रस्ट ठरतो. मात्र तसं पॉलिसी घेतानाच नोंदवावं लागतं आणि हेतू धनकोला फसवण्याचा नसावा लागतो. शेतकऱ्याचं राहतं घर, अवजारं, बैल आणि बियाणं यांना दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 60 मध्ये जप्तीपासून संरक्षण आहे.

मृत्युपत्राची सोय तर खास सांगावी अशी. खरेदीखत नोंदवलं की त्याची सूची क्रमांक 2 कोणालाही पाहता येते. मृत्युपत्राचं तसं नाही. ते वेगळ्या पुस्तकात नोंदतात आणि करणारा हयात असेपर्यंत त्याची नक्कल त्याला किंवा त्याने नेमलेल्या माणसालाच मिळते. नोंदणी कायद्याच्या कलम 42 प्रमाणे ते मोहोरबंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवताही येतं. आत काय लिहिलंय हे कार्यालयालाही कळत नाही. म्हाताऱ्या बापाने भीतीपोटी हयातीतच सगळं एका मुलाच्या नावावर करून टाकण्यापेक्षा ही वाट कितीतरी शहाणपणाची.

सरकारनेही आपली बाजू सांभाळायला हवी. खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 24 ऑगस्ट 2017 ला दिला. त्याआधी 2012 मध्ये विदर्भातल्याच एका अधिकाऱ्याच्या प्रकरणात, प्राप्तिकर विवरणपत्रं ही वैयक्तिक माहिती आहे आणि व्यापक जनहित असल्याखेरीज ती माहिती अधिकारात देता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं. निवडणूक लढवणाऱ्याने संपत्ती जाहीर करावी, ते योग्यच. कोणाची जमीन जाते आहे हेही उघड असायला हवं, नाहीतर भूसंपादनात घोटाळ्याला रान मोकळं मिळेल. पण लाभार्थ्यांच्या यादीत बँक खात्याचा किंवा आधारचा आकडा दिसण्याचं काहीच कारण नाही.

वारस आणि वाटणी नीट करायला वेळही असतो. कोळसाधारक क्षेत्र कायद्यात कलम 4 ची पहिली अधिसूचना आणि कलम 7 ची संपादनाची सूचना यांच्यामध्ये दोन वर्षांपर्यंत वेळ मिळतो, तो आणखी वर्षभर वाढूही शकतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्राला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे आणि जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडेही वाटणी होते. तेव्हा पहिली अधिसूचना निघाल्यावर त्या गावच्या चावडीवर वारस नोंदीचं शिबिर लागलं पाहिजे. तलाठ्याने प्रत्येक खात्याचे वारस विचारून घ्यावेत, बाहेरगावी दिलेल्या लेकींना नोटीस त्यांच्या सासरच्या पत्त्यावर जावी, आणि ‘इतर हक्क’ मध्ये पडून राहिलेली नावं खातेदारांच्या रकान्यात आल्याशिवाय मोबदल्याची यादी पक्की होऊ नये.