'साहेब, पॉवर टाकू का?'

टर्बो गाडी दिसली की पंपावरचं पोरगं विचारणारच, "साहेब, पॉवर टाकू का? अ‍ॅव्हरेज वाढतं." परवा तर एका पंपावर साधं पेट्रोल संपल्याचं सांगून महागडंच गळ्यात मारलं. म्हणून लिहितोय.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे. दाबाखाली अवेळी पेट न घेण्याची क्षमता, बस्स. टर्बोत हवा दाबून भरतात, म्हणून नॉकिंगचा धोका जास्त. ते जाणवलं की गाडीचा कॉम्प्युटर स्पार्क उशिरा देतो, तिथं थोडं इंधन वाया जातं. भर उन्हाळ्यात पाच माणसं बसवून घाट चढताना जास्त ऑक्टेनचा फायदा होतो, मान्य. पण तालुक्याला साठच्या स्पीडनं जाताना? गाडी ९१ साठी बनवलेली असेल तर फरक नावालाच.

साधं १०५ ला, प्रीमियम ११३ ला धरा. पंधराचं अ‍ॅव्हरेज सोळाच्या वर गेलं तरच पैसे वसूल.

आणि गंमत बघा. २० टक्के इथेनॉलमुळे साध्या पेट्रोलचाच ऑक्टेन ९५ च्या आसपास गेलाय, असं खुद्द पेट्रोलियम मंत्रालय सांगतं. मग अ‍ॅव्हरेज घटलं म्हणून लोक का बोंबलतायत? कारण इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जाच साधारण एक तृतीयांश कमी. ऑक्टेन वर, अ‍ॅव्हरेज खाली! नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ई-१० साठी जुळवलेल्या चारचाकींना ६-७ टक्के घट सांगितली होती.

इथेनॉल किती, ऑक्टेन किती, हे प्रत्येक नोझलवर ठळक मराठीत लिहायला कंपन्यांना काय अडचण आहे?