सोमवारचे पाय

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमध्ये ट्रेकर कोण, हे ओळखणं एकदम सोपं असतं. निगडीला बसमध्ये चढताना तो चारचौघांसारखाच चढतो. चाकणला उतरताना मात्र दोन्ही हातांनी दांडा धरून, खेकड्यासारखा आडवा! समजायचं, स्वारी वीकेण्डला सांदणला जाऊन आलीय. मागच्या सीझनला त्या खेकड्यांमध्ये मीही होते.

सांदण दरी माहीत नाही असा पिंपरी-चिंचवडचा ट्रेकर सापडणं कठीण. चाकण, आळेफाटा, अकोले, राजूर करत भंडारदऱ्याच्या पलीकडचं साम्रद गाव गाठायचं. गावापासून थोडं पुढे गेलं की जमिनीलाच भेग पडलेली दिसते. आत शिरलं की दोन्ही बाजूंना काळाकभिन्न कातळ, मध्ये जेमतेम वाट आणि ऊन कुठेतरी लांब वर. थंडगार पाण्यातून जायचं, मोटारीएवढ्या दगडांवरून उतरायचं, पुढे रोपला लटकून रॅपलिंग. आणि सगळं उरकलं असं वाटतं तेव्हा करोली घाटाने पुन्हा साम्रदला चढायचं!

खरी मेख इथेच आहे. डोंगरावर आधी चढ असतो, दम संपला तर मागे फिरता येतं. दरीत सोपं वाटणारं आधी आणि हिशेब नंतर. म्हणून तर अमेरिकेतल्या ग्रँड कॅनियनमध्ये पार्कवाले बजावतात, की एका दिवसात नदीपर्यंत उतरून परत वर यायच्या भानगडीत पडू नका.

आणि पाय दुखतात ते चढल्यामुळे कमी, उतरल्यामुळे जास्त. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच ब्रेक लावत असतात. त्यात त्यांच्या तंतूंना बारीक बारीक इजा होते. ‘लॅक्टिक ॲसिड साचलंय रे’ हे ग्रुपमधलं लाडकं निदान चुकीचं आहे, ते तर तासा-दीड तासात निघून जातं. हे दुखणं दुसऱ्या दिवशी डोकं वर काढतं, दोन-तीन दिवस टिपेला असतं आणि मग आपणहून ओसरतं. उपाय साधे. भरपूर पाणी, वरण-भात, अंडी, झोप आणि थोडं चालणं. उठसूट पेनकिलर नको, अंगातलं पाणी कमी झालेलं असताना ती किडनीला जड जाते. लघवी कोलासारखी काळपट झाली तर मात्र सरळ डॉक्टर गाठा. आणि पुढच्या वेळी आधी तीन-चार रविवार घोरावडेश्वरच्या पायऱ्या उतरा. हो, चढा नाही, उतरा! स्नायूंना उतरणीची सवय होते.

एवढं ज्ञान मी सोमवारी लंच टाइममध्ये कॅण्टीनच्या पायरीवर बसून सगळ्यांना दिलं. आमच्या असेम्ब्ली लाइनवरचे एक काका शांतपणे ऐकत होते. वय पन्नाशीच्या पुढे, कंत्राटी. म्हणाले, ‘‘मॅडम, तुमचे पाय गुरुवारपर्यंत बरे व्हतील. आमचे रोजच असे असतात.’’

टोमणा नव्हता तो. लगेच त्यांनी मला त्यांची युक्तीही सांगितली. उभं राहताना एक पाय उलट्या क्रेटवर टेकवायचा आणि थोड्या थोड्या वेळाने पाय बदलायचा. ‘‘कंबरंला आराम पडतो बघा.’’ मी विचारलं, ‘‘काका, कधी सुट्टी घेता का पाय दुखतात म्हणून?’’ ते हसले. खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला.

माझं दुखणं हौसेचं. पैसे भरून, बॅग भरून, फोटो काढून आणलेलं. त्याला शेवटची तारीख होती आणि सांगायला एक गोष्टही होती. बॉसने कौतुकाने विचारलं, ‘‘काय, कुठला ट्रेक?’’ आठ तास काँक्रीटवर उभं राहून दुखणाऱ्या पायांना असं कोणी विचारत नाही. पायऱ्या उतरताना हात कठड्याकडे का जातो, हे मला तीन दिवसांत कळलं. काका तसेच उतरतात, हे मी दोन वर्षं रोज बघत होते आणि वयामुळे असेल असं धरून चालले होते.

त्याच आठवड्यात कायझेन शीट भरली. लाइनवर उभं राहायला रबरी मॅट, प्रत्येक स्टेशनला पाय टेकवायला पट्टी आणि दर दोन तासांनी पाच मिनिटं बसायला स्टूल. ‘सेव्हिंग किती?’ या रकान्यात काय लिहायचं, यावर बराच वेळ अडले. शेवटी लिहिलं, ‘पाय’. शीट परत आली, आकडा टाका म्हणून. आता दोन स्टेशनवर ट्रायल मिळालीय. क्रेट काढून पट्टी लागलीय.

पुढची सांदण डिसेंबरात. पावसाळ्यात तिथे उतरायचं नाव काढायचं नाही, पाणी कधी येईल सांगता येत नाही. तोवर बाकीच्या स्टेशनांचा आकडा जमवायचाय. तुमच्याही फ्लोअरवर, गेटवर, काउंटरवर दिवसभर उभं कोण असतं? एकदा विचारून तर बघा, पाय कसे आहेत म्हणून.