देवळातलं कासव आणि जाळ्यातलं कासव



देवळात शिरताना जमिनीवरच्या दगडी कासवाला आपण हात लावून नमस्कार करतो. समुद्रमंथनात मंदार पर्वत त्याच्याच पाठीवर तोलला, ही गोष्ट पोराबाळांना सांगतो. पण तेच कासव जाळ्यात आलं की तोंडातून शिवी निघते. राग का येतो ते आम्हाला ठाऊक आहे. जाळं फाटतं, मासळी जाते, वेळ जातो.

मग नुसत्या श्रद्धेवर कासव वाचेल का? आमचं स्पष्ट मत आहे, श्रद्धेच्या जोडीला भरपाई पाहिजे.

गुजरातचं बघा. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर व्हेल शार्कला 'बॅरल' म्हणत. गळाला पिंपं बांधून त्याला दमवत, म्हणून ते नाव. त्याच्या काळजाचं तेल होड्यांना लावत, मांस परदेशी जाई. २००१ साली कायद्याने शिकार बंद झाली. २००४ पासून मोरारी बापू सांगू लागले, हा मासा म्हणजे बाळंतपणाला माहेरी आलेली लेक. 'बॅरल'ची 'व्हाली' झाली, म्हणजे लाडकी. शिवाय वनखात्याने कापलेल्या जाळ्याचे पैसे दिले. तिथल्या मच्छीमारांनी स्वतःची जाळी कापून शेकडो व्हाली सोडल्या.

महाराष्ट्रातही २०१८ पासून संरक्षित प्राणी सोडताना जाळं कापलं तर फोटो-व्हिडिओ दाखवून २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. अशी सोय प्रत्येक किनाऱ्यावर हवी, आणि पैसे वेळेवर हवेत. पुढच्या हंगामाला जाळं लागतं, कागद नाही.

आता आपली बाजू. कासव हवेवर जगतं. जाळ्यात फार वेळ अडकलं तर गुदमरतं. निपचित दिसलं म्हणून लगेच पाण्यात फेकू नका. पालथंच ठेवा, मागची बाजू थोडी उंच करा, वर ओलं फडकं टाका. हालचाल करू लागलं की इंजिन न्यूट्रलला ठेवून हळूच सोडा.

कीर्तनात ऐकतो, कासवी नुसत्या नजरेने पिल्लांना पोसते. खरं म्हणजे मोरजी, आगोंद, गालजीबागच्या वाळूत अंडी घालून ती निघून जाते. पन्नासेक दिवसांनी पिल्लं एकटीच दर्याकडे धावतात. त्यांच्यावर नजर ठेवायची ती आपणच. तीसुद्धा आपल्या दारी आलेली माहेरवाशीणच.

ज्यांनी कासवासाठी जाळं कापलं असेल, त्यांनी फोटो घेऊन संस्थेच्या ऑफिसात या. सगळ्यांची नावं एकत्र करून भरपाईसाठी अर्ज करू.

– सचिव, आपली संस्था