सिकलसेल: डीएनएमधलं एक चुकलेलं अक्षर रक्तापर्यंत कसं पोचतं?

'रिपोर्टमध्ये वाहक आलंय. म्हणजे आजार आहे का?'

सिकलसेलची तपासणी होते त्या प्रत्येक आदिवासी भागात हा प्रश्न विचारला जातो. नाशिक जिल्ह्यातलं हरसूलही त्यातलंच. (कारागृहासाठी ओळखलं जाणारं संभाजीनगरचं हरसूल वेगळं. आपण त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या, गुजरात सीमेजवळच्या हरसूलबद्दल बोलतोय.) कोकणा, महादेव कोळी, वारली समाजाची वस्ती असलेला हा पट्टा.

केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू केलं. आदिवासी भागांतल्या 40 वर्षांपर्यंतच्या 7 कोटी लोकांची तपासणी आणि 2047 पर्यंत निर्मूलन, असं उद्दिष्ट आहे. 2025 च्या मध्यापर्यंत 6 कोटींहून जास्त तपासण्या झाल्या. त्यात 2 लाखांहून अधिक रुग्ण आणि 16 लाखांहून अधिक वाहक सापडले.

म्हणजे एका रुग्णामागे सात-आठ वाहक. त्यांच्या हातात कार्ड आलं, पण त्याचा अर्थ किती जणांना कळला? तो कळायचा तर आधी पेशीच्या आत डोकवावं लागेल.

नक्कल बरोबर, मूळ नोंद चुकीची

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात आपण सगळ्यांनी 'प्रतिलेखन' हा शब्द वाचलाय. परीक्षेपुरता.

साधं करून सांगायचं तर जमिनीचं जुनं दप्तर आठवा. मूळ नोंदवही कचेरीबाहेर जात नाही. आपल्याला मिळते ती नक्कल. डीएनए ही मूळ वही, ती पेशीच्या केंद्रकातच राहते. प्रथिनं बनतात केंद्रकाबाहेर, रायबोझोमवर. म्हणून हव्या त्या पानाची नक्कल काढून बाहेर पाठवली जाते. ही नक्कल म्हणजे संदेशवाहक आरएनए, अर्थात एम-आरएनए. आणि नक्कल काढण्याची क्रिया म्हणजे प्रतिलेखन.

हे काम आरएनए पॉलिमरेज नावाचं विकर करतं. ते डीएनएचा पीळ थोडा उलगडतं, एका धाग्यावरची अक्षरं वाचतं आणि त्यांना जुळणारी अक्षरं जोडत जातं. डीएनएमध्ये ए, टी, जी, सी ही अक्षरं असतात. आरएनएमध्ये टीच्या जागी यू येतो. कच्च्या नकलेतले नको असलेले तुकडे कापून टाकले की ती बाहेर जायला तयार.

आता रक्ताकडे येऊ. हिमोग्लोबिनमधल्या बीटा ग्लोबिन या प्रथिनाचं पान 11 व्या गुणसूत्रावर आहे. त्यात एका ठिकाणी 'जीएजी' असायला हवं. सिकलसेलमध्ये तिथे 'जीटीजी' असतं. नकलेत ते 'जीयूजी' होऊन उतरतं आणि ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं. फरक फक्त एका अक्षराचा. पण ऑक्सिजन कमी झाला की असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब काड्या बनवतं, गोल पेशी विळ्यासारखी वाकते आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकते. अंग ठणकतं ते त्यामुळे.

गंमत बघा, प्रतिलेखनात काहीच चुकलेलं नाही. नक्कल अगदी इमानदारीने काढली गेली.

मग वाहक म्हणजे काय?

प्रत्येकाकडे या पानाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. वाहकाकडे एक चांगली, एक चुकलेली. प्रतिलेखन दोन्हींचं होतं, दोन्ही प्रकारचं हिमोग्लोबिन बनतं, पण चांगलं जास्त असल्यामुळे पेशी सहसा वाकत नाहीत. थोडक्यात, वाहक हा रुग्ण नाही. तो शेतात राबू शकतो, संसार करू शकतो.

दोन वाहकांचं लग्न झालं तर मात्र प्रत्येक गरोदरपणात मूल रुग्ण असण्याची शक्यता 25 टक्के असते. 'पहिलं मूल आजारी निघालं, आता पुढची तीन सुटली' हा हिशेब साफ चुकीचा आहे. दरवेळी फासा नव्याने पडतो. आणि कार्ड बघून फक्त मुलीचं स्थळ नाकारणं हा तर विज्ञानाचा सरळ अपमान आहे, कारण चुकलेली प्रत दोघांकडूनही तितकीच येऊ शकते.

बंद पडलेलं पान पुन्हा उघडता येतं?

गर्भात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं. त्यात बीटाऐवजी गॅमा ग्लोबिन असतं. जन्मानंतर बीसीएल11ए नावाचं प्रथिन गॅमाच्या पानाचं प्रतिलेखन दाबून टाकतं आणि बीटाचं पान कामाला लागतं. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेत मंजूर झालेली कॅसजेव्ही ही जनुकीय उपचारपद्धती नेमकी इथेच हात घालते. क्रिस्पर तंत्राने रक्तपेशींमधला बीसीएल11ए मंदावला की गॅमाची नक्कल पुन्हा निघू लागते. मूळ चूक तशीच राहते, पण चांगलं हिमोग्लोबिन पुरेसं मिळतं.

किंमत? 22 लाख डॉलर, शिवाय आधी केमोथेरपी. भारतातही नोव्हेंबर 2025 मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेची 'बिरसा 101' ही क्रिस्पर उपचारपद्धती जाहीर झाली आणि तिचं तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे दिलं गेलं. बातमी मोठी आहे. पण हरसूलच्या रुग्णासाठी आज महत्त्वाची आहे ती हायड्रॉक्सियुरियाची गोळी. तीही गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवते, स्वस्त आहे, मात्र डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि रक्त तपासत घ्यावी लागते. द्राक्षबागांच्या कामाला महिनोन् महिने गाव सोडणाऱ्या माणसाला ती खंड न पडता कशी मिळणार, हा प्रश्न मला क्रिस्परपेक्षा मोठा वाटतो. पाणी कमी पिणं, थंडी आणि अतिश्रम यांनी दुखणं उसळतं, आणि बागेतलं काम तर नेमकं तसंच असतं.

पालकांसाठी एक गोष्ट. जन्मानंतर पहिले काही महिने बाळाच्या रक्तात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असतं. त्यामुळे त्या वयात केलेल्या साध्या सोल्युबिलिटी चाचणीत आजार सुटू शकतो. आईवडील दोघंही वाहक असतील आणि सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचा रिपोर्ट 'निगेटिव्ह' आला असेल, तर डॉक्टरांना एचपीएलसी चाचणीबद्दल विचारा.